मोहाखालचा गोल

स्टेडियमच्या गॅलरीतल्या निळ्या खुर्च्या इतक्या लखलखीत असतात, की बसण्याआधी आपणच आपला पदर झटकून घ्यावा. मी झटकला. लालीने झटकला नाही. ती तशीच बसली आणि बांबूची टोपली तिने मांडीवर घेतली. नुकतं उजाडत होतं. समोर हिरवंगार मैदान पसरलं होतं. चैत लागला असताना चंद्रपुरात एवढं हिरवं काही उरतं का, हा प्रश्न इथे विचारायचा नाही, कारण ते गवत नाहीच. ते कारखान्यात तयार झालं आणि गुंडाळून ट्रकने आलं.

उत्तरेच्या गोलमागे मात्र एक खरं झाड आहे. मोहाचं. ते लालीच्या आईचं, सोमीबाईचं झाड. सरकारदरबारी कोणाचं ते मला माहीत नाही, पण मोहाची झाडं घराण्याघराण्यांची ठरलेली असतात, आणि एकाच्या झाडाखालचं फूल दुसरा उचलत नाही, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सोमीबाई या हिवाळ्यात गेली. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेल्यावर जो पहिला मोह पडेल, त्यातली ओंजळभर फुलं त्याच्या नावाने ठेवायची, मग घरातल्यांनी नव्या मोहाला हात लावायचा. फुलं त्याच्याच झाडाची हवीत. हाताने वेचलेली हवीत. झाडूने गोळा केलेली चालत नाहीत आणि पायाखाली गेलेली तर नाहीच नाही.

लालीला ती ओंजळ हवी होती. काम एवढंच. पण मैदानावर झुकलेल्या फांद्या उद्या छाटणार होते आणि रस्त्याच्या बाजूच्या फांद्या भिंत बांधतानाच गेल्या होत्या. म्हणजे आजची सकाळ तेवढी हातात होती. लालीचा फोन आला, "तू शिकलेली व, तू बोल साहेबाशी. माह्यासंगं ते मावशी-मावशी करते अन् बाहेर काढते." मी नागपूरहून आले.

गेटवरचा पोरगा आमच्याच भागातला होता. त्याने आम्हाला आत घेतलं, पण गॅलरीपर्यंतच. "साहेब आल्याबिगर खाली उतरता येत नाई मॅडम. टोपली न्या, पण जाताना दाखवून जा. बॉल चोरीले जातेत."

"या टोपलीत बॉल मावते का रे बाबू?" लाली म्हणाली.

"मले काय मालूम मावशी. रूल आहे."

म्हणून आम्ही बसून होतो. खाली गोलच्या जाळीमागे मोह पडत होता. दिसत होता, ऐकू येत नव्हता. लाली मध्येच नाक वर करून म्हणाली, "कशाचा वास येऊन राह्यला व?"

"रबराचा. त्या गवताखाली रबराचे दाणे घालतात."

"मोहाचा नाई येत," ती म्हणाली.

मोहाचा वास मला आठवून आणावा लागला, याचा राग आला. एकेकाळी तो वास माझ्या वेणीत, वह्यांत, शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यात असायचा. आमची बौद्धवस्ती नाल्याच्या अलीकडे आणि लालीचा गोंडटोला पलीकडे, मध्ये हे मैदान. फागुन संपत आला की सोमीबाई झाडाखालचा पाचोळा जाळायची. जमीन काळीभोर व्हायची, त्यावर गरम राखेचा वास दोन दिवस रेंगाळायचा, आणि मग एका पहाटे त्या काळ्यावर फिक्कट पिवळी फुलं दिसायची. टपोरी, रसाने भरलेली, बोटात धरली की गार. लालीच्या बरोबरीने मीही वेचायला जायचे. सोमीबाईने कधी विचारलं नाही, ही कोणाची पोरगी आणि आमच्या झाडाखाली काय करते. मी वेचलेलं तिच्या टोपलीत पडायचं आणि जाताना ती माझ्या ओच्यात मूठभर टाकायची. मी शाळेत तशीच जायचे. वर्गात गुरुजींनी एकदा नाक मुरडून विचारलं होतं, तुझा बाप घेतो का गं? माझ्या बापाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मोह काही एकदम पडत नाही. झाड आपल्या मर्जीने सोडतं. एक झुलूप येते, फुलांची सर, टपटप टपटप, मग थांबते. वेचून झालं की वाट पाहायची. या वाट पाहण्यातून आमचा फुटबॉल सुरू झाला. पोरं संध्याकाळी खेळायची आणि आम्हाला मैदानाच्या कडेलाही उभं राहू द्यायची नाहीत. पण पहाटे ती झोपलेली असत आणि त्यांचा चेंडू लालीच्या भावाच्या खाटेखाली असे. आम्ही पाच-सहा जणी, परकर खोचून, अनवाणी, दोन झुलपींच्या मधल्या वेळात खेळायचो. एक गोल म्हणजे दोन दगड. दुसरा गोल म्हणजे एका बाजूला मोहाचं खोड आणि दुसऱ्या बाजूला पुरलेला बांबू.

त्या गोलचा नियम सोमीबाईने केला होता. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण तिचा नियम कोणी मोडायची हिंमत केली नाही. "मोह चेंगरला तर गोल नाई." चेंडू खोडाच्या आणि बांबूच्या मधून गेला तरी मारणारीच्या पायाखाली फूल आलं असेल, तर गोल नाही. सोमीबाई टोपलीजवळ उकिडवी बसून आमचे तळवे बघायची. "दाखव व पाय." पाय उचलून दाखवायचा. चिकट निघाला की ती मान हलवायची आणि खेळ पुढे चालू. रडून उपयोग नव्हता, भांडून तर नव्हताच. चेंगरलेलं फूल ती आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवायची, शेळीला घालायला.

त्यामुळे आम्ही खेळायला शिकलो ते असं. एक डोळा चेंडूवर आणि एक जमिनीवर. पाय टाकण्याआधी जागा बघायची. लालीला ते असं साधलं होतं, की फुलांचा सडा पडलेला असताना ती चेंडू घेऊन त्यातून निघायची आणि मागे एक फूल मोडलेलं नसायचं. ती पळते आहे असं वाटायचंच नाही. मला ते कधी जमलं नाही, माझे गोल नेहमी चिकट तळव्यापायी बाद व्हायचे.

उन्हं वर आली की मोह थांबायचा आणि खेळही. अंगणात फुलं वाळत पडायची, मनुकांसारखी तांबूस व्हायची. त्या वासावर माश्या, मुंग्या, शेळ्या, आणि आमचा जीव. पावसाळ्यात मैदानाचं तळं व्हायचं, बेडकं रात्रभर रान उठवायची आणि वीज केंद्राच्या धुराड्यांची राख पाण्यावर साय धरायची. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, त्याच मैदानात नाटकाचा मंडप पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पोरी तिथे गळालेले काचेचे मणी शोधत हिंडायचो. थंडीत दहिवराने भिजलेल्या मातीवर चेंडू जड व्हायचा. त्याच्या ब्लॅडरला इतक्या चकत्या लावल्या होत्या, की पंक्चरवाला म्हणायचा, पोरीहो, आता यात चेंडू कमी अन् माहं काम जास्त आहे. या सगळ्याला तेव्हा कोणी काही नाव दिलेलं नव्हतं. आता गेटवर पाटी आहे, त्यावर 'क्रीडा संस्कृतीचा विकास' असं लिहिलंय. ती वाचून मी थुंकले असते, पण थुंकण्याला दंड आहे, तीही पाटी शेजारीच आहे.

आमच्या शाळेच्या बाईंनी एकदा आमची टीम वरोऱ्याला नेली. मुलींचा सामना म्हणून गावातली माणसं मजा बघायला आली होती. उद्घाटनाला पाहुणे आले, गळ्यात झेंडूचे जाड हार. मोठ्या पाहुण्यांना पहिली लाथ मारायची हौस आली. ते मैदानात उतरले, गोलसमोर चेंडू ठेवून लाथ मारली, चेंडू जरासा हलला, आणि हार मात्र तुटला. पाकळ्या गोलसमोर सांडल्या. कोणी उचलल्या नाहीत.

सामना संपत आला असताना लाली चेंडू घेऊन सुटली. अशी सुटली, की हसायला आलेली माणसं उभी राहिली. त्यांची गोलकीपर पुढे येऊन पडली होती. समोर गोल उघडा. मी मागून पळत होते, मला जाळीचा एकेक दोरा दिसत होता. आणि लाली थांबली. तिच्यासमोर पिवळं पडलेलं होतं. तिचा पाय वरच राहिला. ती एका अंगाने वळली, चेंडूला वळसा घालून न्यायला गेली, तेवढ्यात त्यांची एक दांडगी पोरगी आली आणि तिने चेंडू पार रस्त्यावर उडवला. शिट्टी झाली. आम्ही हरलो. माणसं पोट धरून हसली. कोणीतरी ओरडलं, जंगलातल्या आहेत, माणसं पाहून बुजल्या.

परतताना ट्रकमध्ये बाईंनी तिला विचारलं, "काऊन थांबली व तू?"

"खाली पडून होतं ना, बाई."

बाईंना काही समजलं नाही. आम्हा सगळ्यांना समजलं होतं. आमच्यातल्या एकीनेही तिला बोल लावला नाही. त्या दिवशी तिच्या जागी मी असते तर मी गोल मारला असता, वर पाकळ्या तुडवून नाचले असते, आणि घरी येऊन सोमीबाईला तोंड दाखवायची लाज वाटली असती. सोमीबाईला सगळं सांगितलं, तर तिने मोहाच्या बियांचं तेल वाटीत घेतलं आणि लालीचे पाय चोळत बसली. "बरं केलं," एवढंच म्हणाली.

आमचं खेळणं पुढे कसं थांबलं, हे सांगण्यासारखं नाही. पोरींचं जसं थांबतं तसं. कोणाचं लग्न झालं, कोणाला पाळी आली म्हणून आईने आत घेतलं, मी शिकायला गेले. मैदान मात्र होतं. मी सुट्टीत यायचे तेव्हा पहाटे दुसऱ्या पोरी खेळताना दिसायच्या, आणि सोमीबाई, आता पांढऱ्या केसांची, त्यांचे तळवे बघत बसलेली असायची.

मग मोजणीची माणसं आली. मी तेव्हा घरी होते. त्यांनी सोमीबाईला विचारलं, हे झाड कोणाचं? ती ताडकन म्हणाली, "माहं." आणि हे मैदान? त्यावर ती हसली. असला प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "मैदान कोनाचं राह्यते का? सर्व्याईचं आहे." आम्ही भोवती उभे होतो. आम्हाला ते उत्तर इतकं आवडलं, की आम्ही माना डोलावल्या. आमच्यापैकी एकजण तरी म्हणाला असता, आमचं आहे, तर? पण आमच्याकडे सगळ्यांच्या वस्तूला आपली म्हणणं ही हावरेपणाची लाज आणणारी गोष्ट होती. झाडाला मालक मिळाला म्हणून झाड राहिलं. मैदानाला नाही मिळाला. पुढच्या हिवाळ्यात निळे पत्रे उभे राहिले, आणि पत्र्यांच्या फटीतून सोमीबाई आपलं झाड बघू लागली.

घर्रर्र असा आवाज झाला आणि मी भानावर आले. खाली एक माणूस पाठीवर यंत्र बांधून हवेच्या झोताने मैदान साफ करत होता. लाली उभी राहिली. तो उत्तरेच्या गोलपाशी पोहोचला होता. पिवळी फुलं हिरव्यावरून घरंगळत, उड्या मारत एका कोपऱ्यात जमा होत होती.

"दादा, थांबा," मी ओरडले. त्याच्या कानांवर आवाज अडवणारे डबे होते. मी गेटवरच्या पोराला हाक मारली. तो म्हणाला, "साहेब येऊनच राह्यले मॅडम." मी पायऱ्या उतरून कठड्यापर्यंत गेले, तिथलं फाटक बोटाचा ठसा मागत होतं. माझं बोट त्याला ओळखत नव्हतं. लाली वर तशीच उभी होती. ती फक्त बघत होती.

साहेब आले तोवर मैदान स्वच्छ झालं होतं. तरुण होते, हसतमुख. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं, हेच तर वाईट. कोणी उर्मट असता, तर मला भांडता आलं असतं.

"अहो, काल सांगितलं असतं तर. मावशी, सॉरी हं. तो ज्यूस टर्फवर डाग पाडतो ना, म्हणून अकादमीच्या पोरी खेळायला यायच्या आत काढावाच लागतो." मग आम्हाला बरं वाटावं म्हणून त्यांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. जिम दाखवली. फिजिओची खोली, गरम पाण्याचे शॉवर, पाहुण्यांसाठी सोफे. मुलींचं स्वच्छतागृह दाखवलं, पांढरंशुभ्र, आतून कडी लागणारं. आम्ही नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांमागे जायचो आणि एकीने पहारा करायचा. त्या कडीबद्दल मला कडवट बोलता येत नाही, बाकी सगळ्याबद्दल येतं.

शेवटी त्यांनी एक काळी पिशवी मागवली. "घ्या मावशी, सगळी फुलं यात आहेत. भरपूर आहेत."

लालीने पिशवीत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. फुलं होती. त्यांच्या चिकट अंगाला रबराचे काळे दाणे घट्ट बसले होते, तिळगुळाला तीळ बसावेत तसे.

"धुऊन घ्या ना," साहेब म्हणाले.

"मायच्या नावाचं आहे साहेब," लाली म्हणाली. "हातचं पायजे." तिने मूठ पुन्हा पिशवीत सोडली आणि हात लुगड्याला पुसला. दाणे लुगड्याला लागले.

साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी आपलं बोट टेकवून फाटक उघडलं. "जा मावशी, झाडाखाली बसा. पडेल तेवढं वेचा. छाटणी उद्या आहे, ती काही माझ्या हातात नाही. टूर्नामेंट आहे."

पण उन्हं वर आली होती. झाडाभोवती सिमेंटचा गोल पार, त्यात जमिनीतून वर बघणारे दिवे. लाली पारावर टेकली आणि तिने वर पाहिलं. मी पण पाहिलं. बऱ्याच वेळाने एक झुलूप आली, अगदी हलकी, शेवटची. फुलं पारावर पडली नाहीत. वारा होता, ती जाळीवरून पलीकडे, गोलच्या तोंडाशी पडली. ओंजळभर तरी होती. लाली उठली, चप्पल काढली, टोपली घेतली आणि गोलच्या बाजूने मैदानात शिरली. या वयातही ती जागा बघून पाय टाकत होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली. अकादमीच्या पोरी आल्या होत्या, केशरी जर्सी, पायात खिळ्यांचे बूट. "ओ मावशी, बाजूला व्हा," असं कोणीतरी ओरडलं. लाली जागच्या जागी थांबली. एक उंच, सावळी पोरगी चेंडू घेऊन सुसाट आली. खरंच सुंदर आली. तिची नजर वर होती, जाळीवर. खाली बघण्याचं तिला कारण नव्हतं. बूट फुलांवर पडले, तिने चेंडू मारला, जाळी फुगली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या टोकाला मोठ्या फलकावर आकडा बदलला.

"गोल नाई," लाली म्हणाली.

पोरगी धापा टाकत वळली. "काय म्हणाल्या आजी?"

लालीने तिच्या बुटांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. पोरगी घामाने निथळत होती, हसत होती.

"काई नाई, माय. चांगला मारला."

तिने वाकून खाली पाहिलं, पण काही उचललं नाही. आम्ही परत फिरलो. मी काहीतरी बोलत होते, पुढच्या वर्षी आधी अर्ज देऊ, कोणाला तरी भेटू, असंच काहीतरी. लाली ऐकत नव्हती. तिने फक्त एकदा विचारलं, "आता घरात मोह कसा आणू व मी?"

गेटवर त्या पोराने हात पुढे केला. लालीने टोपली दिली. त्याने ती उलटी केली, आपटली, आत डोकावून पाहिलं, आणि परत दिली.

"ठीक आहे मावशी," तो म्हणाला, "जा. काई नाई."